इर्रेग्युलर

डॉक्टरांनी केसपेपरवर एक शब्द लिहिला आणि शिवप्पानं तो टेबलाच्या अलीकडून, उलटा असतानाच वाचला. त्याला त्यात अवघड काहीच नव्हतं. अठरा वर्षं तो पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवत होता. खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं, आणि उलटं वाचता वाचता त्याच्या डोळ्यांना सुलटं वाचायचाच आळस चढला होता. शब्द इंग्रजी होता. इर्रेग्युलर. नगरपालिकेच्या नोटिसांत तो नेहमी यायचा, पाणीपुरवठ्याच्या किंवा घरपट्टीच्या पुढे, आणि शिकाऊ असताना त्यातला एक आर गाळल्याबद्दल फोरमननं त्याला सगळ्यांच्या देखत झापलं होतं. आता तोच शब्द, तिन्ही आर जागच्या जागी असलेला, त्याच्या स्वतःच्या नावापुढे बसला होता. शिवप्पा मल्लप्पा, वय अडतीस, इर्रेग्युलर. "साहेब," तो म्हणाला, "हे बरोबर नाही लिहिलं तुम्ही." डॉक्टरांनी मान वर केली. क्षयाच्या दवाखान्यात पेशंट केसपेपर वाचत नाहीत, उलटा तर नाहीच नाही. "काय बरोबर नाही?" "मी एकही दिवस चुकवला नाही. दीड वर्षात एकही नाही." डॉक्टर वयानं त्याच्यापेक्षा लहान होते, थकलेले होते, आणि बाहेर व्हरांड्यात सत्तर-ऐंशी माणसं खोकत बसली होती. ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात हो. पुण्याहून तुमच्या थुंकीचा रिपोर्ट आलाय. स्ट्रेप्टोमायसिन चालत नाही, आयसोनायझिडही चालत नाही. औषध मध्येच सोडल्याशिवाय असं होत नाही. खरं सांगा, बरं वाटलं म्हणून सोडलंत ना?"

बरं कधी वाटलं होतं? शिवप्पाला हसू आलं, आणि हसू आलं की खोकला यायचा, म्हणून त्यानं ते दाताखाली धरलं. दीड वर्षात त्याला एकदाही बरं वाटलं नव्हतं. पहिले तीन महिने रोजची सुई. ढुंगणावर अशा गाठी झाल्या की छापखान्यात स्टुलावर बसवेना, उभ्यानं खिळे उचलायचा. त्या सुयांनीच डाव्या कानात कायमची शिट्टी बसवली, मिलचा भोंगा फार लांब वाजत असावा तशी. सकाळी नळ यायच्या आधी ती बारकी पांढरी गोळी, आणि पाठोपाठ त्या मोठाल्या, घशातून उतरताना प्रत्येकीची कड लागायची. बायको, चंद्रव्वा, तांब्या घेऊन समोर उभी. ओकारी आली तर ती पुन्हा पाणी द्यायची आणि तो पुन्हा घ्यायचा. एकदा अक्कलकोटला चुलत्याच्या मातीला गेला, तेव्हाही कागदाच्या पुडीत गोळ्या घेऊन गेला. प्रेत अंगणात होतं आणि हा मागच्या दारी गोळी गिळत होता, भावकीतल्या बायका बघत होत्या. हे सगळं त्याला डॉक्टरांना सांगायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच: "मी कॅलेंडरवर फुली मारतो, साहेब. रोज. घरी आहे ते. आणून दाखवतो." "फुल्या काय, कुणीही मारील," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनाच ते जरा लागलं असावं, कारण आवाज उतरवून ते म्हणाले, "हे बघा, आता दुसरी औषधं द्यावी लागतील. मुंबईहून मागवतो. पोटात फार ढवळतं त्यांनी, पण ती सोडायची नाहीत. आणखी दोन वर्षं. हीसुद्धा सोडलीत तर पुढे माझ्याकडे काही नाही." हीसुद्धा. या एका शब्दानं शिवप्पाच्या कानशिलात रक्त तापलं. तो उठला. नमस्कार न करता तो कुठल्या मोठ्या माणसाच्या समोरून आयुष्यात पहिल्यांदाच उठला.

व्हरांड्याच्या टोकाला थुंकी तपासायची खोली होती. तिथल्या सोमलिंगला तो ओळखत होता. सोमलिंगच्या लग्नाची पत्रिका यानंच जुळवली होती. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तू तरी सांग. माणसानं सगळं औषध घेतलं तरी असं होतं का?" सोमलिंगनं जंतू बघायच्या दुर्बिणीवरून डोळा काढला. शिवप्पाचा चेहरा बघून त्यानं उगाच धीर दिला नाही, ही त्याची भलाई. "होतं की," तो म्हणाला. "औषध अर्धवट पडलं की कच्चे जंतू मरतात, पक्के राहतात. मग वाढते ती त्या पक्क्यांची पिलावळ. ती पिलावळ तुमच्या छातीत दुसऱ्याकडून आली असेल, तर तुम्ही पहिल्या दिवसापासून गोळ्या खा नाहीतर खडीसाखर खा, सारखंच." "दुसऱ्याकडून म्हणजे?" "ज्याच्याकडून तुम्हाला लागला त्याच्याकडून. तुम्ही सोडलं नसेल तर त्यानं सोडलं असेल." आणि त्यानं पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. शिवप्पा तिथंच उभा राहिला. डाव्या कानातली शिट्टी वाजत होती. त्याला विचार करावा लागला नाही, नाव आधीच तोंडात होतं. रामहरी.

घरी आल्यावर त्यानं सांगायच्या आधीच चंद्रव्वानं त्याच्या चपला काढायच्या पद्धतीवरून ओळखलं. "एन आत री?" तिनं विचारलं, काय झालं म्हणून, घाबरली की ती कानडीत जायची. तो म्हणाला, "दीड वर्ष खडीसाखर खाल्ली." मग सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि भिंतीवरच्या बियाणांच्या दुकानाच्या कॅलेंडरकडे बघत होती. आधीच्या वर्षाचंही तिनं त्याच्याच खाली ठेवलं होतं, फेकलं नव्हतं. "मी येते उद्या," ती म्हणाली. "त्या डॉक्टरला सांगते. माझ्या हातानं पाणी दिलंय मी." "तुला कोण विचारतंय?" तो ओरडला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला, शेजारच्या घरातला माग क्षणभर थांबल्यासारखा वाटला. त्याला चंद्रव्वाचा राग नव्हता. पण राग नुसता बसून राहत नाही, समोर जे असेल त्याच्यावर जातो. ती आत गेली, आणि तो कॅलेंडरसमोर उभा राहिला. निळ्या पेन्सिलीच्या फुल्या, एकसारख्या, एका रेषेत. असं काम कुठल्याही प्रुफात आलं असतं तर त्यानं एकही खूण न करता पुढे पाठवलं असतं. सगळ्या बरोबर होत्या आणि सगळ्या फुकट होत्या. खोटं बोलणाऱ्याला निदान खोटं बोलल्याचं समाधान असतं. त्याला वाटलं, मी सोडलं असतं तर बरं झालं असतं. निदान तो शब्द खरा तरी झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो छापखान्यात न जाता स्टँडवर गेला आणि अक्कलकोट रस्त्याच्या एसटीत बसला. रामहरी मिल सोडून कुंभारीला गेल्याला तीन वर्षं होत आली होती. त्याआधीची तीन वर्षं दोघं एका खोलीत राहिले होते. चंद्रव्वा तेव्हा सासूच्या आजारपणासाठी गावी होती, रामहरीचं लग्न ठरायचं होतं. खोली एवढी लहान की दोन अंथरुणं घातली की दार उघडायचं नाही. रामहरी मिलमध्ये कताईखात्यात होता. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवयांवर कापूस असायचा, म्हातारा झाल्यासारखा दिसायचा, आणि तोंड धुतलं की एकदम पंचवीस वर्षांचा व्हायचा. तो खोकायचा तेव्हा शिवप्पा त्याची पाठ चोळायचा. पाण्याचा पेला एकच होता. हिवाळ्यात पांघरूणही पुष्कळदा एकच. शिवप्पाला भाऊ नव्हता, आणि त्या तीन वर्षांत त्याला तो असल्यासारखं वाटलं होतं. आता बसच्या खिडकीतून उन्हानं पांढरी पडलेली रानं मागे जात होती आणि तो तेच सगळं पुन्हा बघत होता: तो पेला, ते पांघरूण, रामहरीचं खोकताना उघडं पडलेलं तोंड. ज्याला आपण माया म्हणत होतो ती एकीकडे चालली होती, आणि तिच्याच आडून हे दुसरं काम चाललं होतं. रामहरीनं औषध तीनदा धरलं आणि तीनदा सोडलं. खोकला थांबला की सोडायचा, रक्त पडलं की धरायचा. पेठेतल्या एका सुईवाल्याकडे जायचा, मग दवाखान्यात, मग कुठंच नाही. शिवप्पा स्वतः त्याला सायकलवर डबलसीट न्यायचा. आणि इथं त्याला ती सकाळ आठवली, जी त्याला आठवायची नव्हती.

थंडीचे दिवस होते. रामहरी पुढच्या दांडीवर तिरका बसला होता, आणि म्हणाला, "आज नगं वाटतंय शिवप्पा, सुईची जागा लई ठणकतीय." शिवप्पानं पाय टेकला. रविवार होता, ऊन कोवळं होतं, छापखाना बंद. तो म्हणाला होता, "मग जाऊ दे की. खोकला तर गेलाय. चल, सिनेमाला जाऊ." आणि सायकल वळवली होती. हे त्यानंच म्हटलं होतं, शब्दन्‌शब्द. सिनेमा कुठला होता तेही आठवत नव्हतं, पण मध्यंतरात खाल्लेल्या शेंगांचं टरफल दातात अडकलं होतं ते आठवत होतं. त्या दिवसानंतर रामहरी सुईला गेलाच नाही. शिवप्पानंही पुन्हा विचारलं नाही. हे आठवल्याबरोबर त्याला स्वतःचा राग यायला हवा होता. तसा आला नाही. रामहरीचाच दुप्पट आला. मी म्हटलं म्हणून काय झालं? छाती त्याची होती. मी कोण होतो, खिळे जुळवणारा. त्यानं म्हणायला हवं होतं, नाही, सुईला चल. बस कुंभारीला थांबली तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या आणि शेजारचा म्हातारा अंग चोरून बसला होता.

रामहरी घरापुढच्या लिंबाखाली बाजेला सुतळी ओढत बसला होता. शिवप्पाला बघून तो उठला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की शिवप्पाला ते सहन होईना. "आरं माज्या शिवप्पा! सारजे, बग कोन आलंय! आगं च्या टाक!" तो बारीक झाला होता, पण गाल वर आले होते, उन्हानं रापले होते, आजारी म्हणावं असं काही नव्हतं. त्याची बायको सारजाबाई दारात आली. कडेवर दोनेक वर्षांची पोरगी होती, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. "बसा की भावजी," ती म्हणाली. शिवप्पा बसला नाही. "गोळ्या घेतोस का?" त्यानं विचारलं. रामहरी हसला. "आल्याआल्या दवाखानाच काडला व्हय? घेतो की. लागतील तवा घेतो." तो आत गेला आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात पांढऱ्या गोळ्या होत्या, काही अख्ख्या, काही मोडलेल्या, काहींवर हळदीचा डाग. "ह्या बग. दवाखान्यानं दिल्याल्या हायत्या. जपून वापरतो. छाती भरली की चार दिस घ्यायच्या, की मोकळी. वाडीवर कुनाला खोकला झाला की देतो एकेक. लई गुनाची गोळी हाय. पोरीला बी अर्दी देतो, कुटून." हे तो अभिमानानं सांगत होता. घरातली एक चांगली वस्तू पाहुण्याला दाखवावी तसा तो डबा त्यानं पुढे धरला होता.

शिवप्पानं त्याच्या थोबाडीत मारली. विचार करून नाही. हात आधी गेला, आवाज नंतर आला, आणि डबा खाली पडून गोळ्या धुळीत पसरल्या. पोरगी रडायला लागली. "माझ्यावर औषध चालत नाही," शिवप्पा म्हणाला. "कळलं? दीड वर्ष रोज घेतलं. एक दिवस सोडलं नाही. आणि चालत नाही, कारण ते जंतू तुझे आहेत. तू अर्धं अर्धं औषध घालून पाळलेस, पक्के केलेस आणि माझ्या छातीत सोडलेस. आता गावभर सोडतोयस. पोरीत सोडतोयस!" रामहरी गालावर हात धरून उभा होता. त्याला मारापेक्षा बोलणं समजायला जास्त वेळ लागत होता. मग त्याचे डोळे बदलले. "म्या दिला म्हनतोस? आनि मला कुनी दिला? मी काय आईच्या पोटातनं आनला व्हता? कताईत माज्या बाजूचा भीमा खोकून खोकून मेला. त्याच्या पोरांच्या दारात जाऊन भांडू का मी? कुनाला मारू, सांग की!" तो एक पाऊल पुढे आला. "मला कुनी सांगितलं व्हतं, बरं वाटल्यावर बी खायाचं म्हनून? सुईवाल्यानं सांगितलं? दवाखान्यात चिट्टी दिली, मला वाचता येतंय का? तू वाचनारा व्हतास. तू व्हतास की माज्या संगं!" शिवप्पाला पुन्हा हात उचलायचा होता. हात उचलला गेला नाही, कारण त्याला खोकला आला. तो आला तसा थांबेना. तो वाकला, गुडघ्यांवर हात टेकले, आणि डोळ्यांसमोर काळं होत असताना त्याला ऐकू आलं की रामहरीही खोकतोय. लिंबाच्या बुंध्याच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो. दोघांचा खोकला एकाच घरातल्या माणसांचा असावा तसा सारखा होता. एवढं झाल्यावरही राग गेला नाही. नुसता कुणाच्या अंगावर टाकावा ते कळेनासं झालं, आणि तो राग तसाच छातीत, त्या दुसऱ्या वस्तूच्या शेजारी बसून राहिला.

सारजाबाई मध्ये पडली नव्हती. ती पोरीला थोपटत उभी होती. दोघं शांत झाल्यावर तिनं विचारलं, "भावजी, पोरीला म्हैना झाला खोकला हाय. रातीला अंग तापतंय. ती बी तुमच्यावानीच का?" शिवप्पानं पोरीकडे पाहिलं. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते, आणि रडणं थांबल्यावर ती तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. "मला काय माहीत," तो म्हणाला, आणि मग लगेच, जवळजवळ भांडल्यासारखा, "आत्ता चल. एकपर्यंत दवाखाना उघडा असतो. तिला आता कसली अर्धी गोळी द्यायची नाही. कसलीच नाही. आधी तपासू दे. आणि किती दिलीस, किती दिवस दिलीस, खरं सांगायचं. ते विश्वास ठेवणार नाहीत. तरी सांगायचं." "तुमी बोलशीला न्हवं त्यांच्यासंगं?" "बोलीन." ती आत गेली आणि लुगडं न बदलता, नुसता पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली. रामहरी खाली बसून धुळीतल्या गोळ्या वेचत होता. "टाकून दे त्या," शिवप्पा म्हणाला. रामहरीनं मान वर केली नाही. "माज्यावर बी चालंना झालं आसंल का रं?" त्यानं हळूच विचारलं. शिवप्पाला उत्तर माहीत होतं. ते देण्याइतका तो अजून शांत झाला नव्हता. "चल मग, तूही चल," असं म्हणायला हवं होतं, तोंडाशी आलंही होतं. पण गालावरचे आपल्या बोटांचे वळ दिसले आणि त्यानं ते गिळलं. "तुझा तू ये," तो म्हणाला. "शुक्रवारी. मी दवाखान्याच्या दारात असेन." आणि चालू लागला.

फाट्यावर बस लवकर मिळाली. सारजाबाईला पुढच्या बाजूला जागा झाली, तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि पदराच्या टोकानं शेजारची फळी झाडून म्हणाली, "भावजी, हितं जागा हाय की, बसा." त्यानं मान हलवली. तो माणसांना ढकलत पार मागे गेला, शेवटच्या खिडकीशी, आणि काच सरकवून गजांना तोंड लावून उभा राहिला. पोरीच्या छातीत काय होतं ते अजून कुणाला माहीत नव्हतं. कदाचित साधा खोकला असेल. कदाचित अजून काहीच नसेल, आणि तसं असेल तर ते तसंच राहिलं पाहिजे होतं. "ओ पाव्हनं, आत सरका, उलटी होतीय का काय?" कंडक्टर ओरडला. शिवप्पानं उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तोंड आत वळवावं लागलं असतं. बाहेरची धूळ डोळ्यांत जात होती, दातांत करकरत होती, आणि डॉक्टरांशी काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता, एकेक शब्द, चढ्या आवाजात. सात-आठ मैलांत तो तीनदा खोकला. तिन्ही वेळा बाहेर, रस्त्यावर, जिथं कुणी नव्हतं तिथं.